कन्यादानाला कोण बसणार? कराडच्या एका घरातलं प्रकरण

लग्नसराईच्या तोंडावर माझ्याकडे येणारी बहुतेक भांडणं दोन घरांमधली असतात. मानपान, आहेर, पाहुण्यांचा आकडा, पंगत की बुफे. हे प्रकरण एकाच घरातलं होतं आणि त्यात वाईट वागणारं कुणीच नव्हतं. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख लपावी म्हणून काही तपशील बदललेत, भांडण मात्र जसंच्या तसं ठेवलंय.

जुलै 2024 च्या अखेरीस मुलगी साताऱ्याला माझ्याकडे एकटीच आली. वय 26, नोकरी हिंजवडीत, लग्न ठरलेलं, मुलगा सांगलीचा. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: "माझं कन्यादान आईने करावं असं मला वाटतं आणि मी वेडी झालेय असं घरात सगळ्यांना वाटतं. आईलासुद्धा."

घर

कराडातलं जुनं घर. खाली थोरल्या काकांचं शेतीच्या औजारांचं दुकान, वर दोन भावांचे संसार. काकांना सगळे आबा म्हणतात आणि काकूंना ही मुलगी लहानपणापासून मोठी आई म्हणते. मुलीचे वडील पंचायत समितीत नोकरीला होते. 2009 साली हृदयविकाराने अचानक गेले. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, आई चौतिशीतली. आईला अनुकंपा तत्त्वावर लिपिकाची जागा मिळाली, पण फाइल हलायला दोन-अडीच वर्षं गेली. तोवर घर आबांनीच चालवलं. चूल तेव्हा एक झाली ती आजही एकच आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगचं कर्जही आबांच्या नावावर होतं.

तेराव्याला, पाहुण्यारावळ्यांच्या देखत, आबा बोलून गेले होते, "हिचं कन्यादान मी करणार." आबांना दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. आमच्याकडे असा चारचौघांत दिलेला शब्द म्हणजे बँकेच्या कागदावर केलेली सही, मुद्दल फिटेपर्यंत माणूस सुटत नाही.

मुलीच्या मनात मात्र दुसरंच एक दृश्य रुतून बसलेलं होतं. 2019 मध्ये आबांच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. आई चारही दिवस कार्यालयाच्या कोठीत. नारळ, तांदूळ, पानसुपारी, आहेराच्या साड्या, सगळा हिशेब तिच्याकडे, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. नवरीला ओवाळायला सुवासिनी पुढे आल्या तेव्हा गर्दीत कुणीतरी चुकून आईच्या हातात ताम्हन दिलं. दुसऱ्या एका बाईने काही न बोलता, हसतच, ते काढून घेतलं. आईही हसली आणि कोठीत परत गेली. मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची होती. "त्या बाईचा राग नाही आला," ती मला म्हणाली. "आई हसली त्याचा आला."

ठिणगी

2024 च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे लग्नाचे मुहूर्त जवळपास नव्हतेच. मग चातुर्मास. त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांवर सगळ्यांच्या उड्या, आणि कार्यालयाची इसारत जुलैतच द्यावी लागली. त्या घाईत कोण कुठे बसणार हे घरात कुणी बोललंच नाही, कारण आबांच्या दृष्टीने ते पंधरा वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

मुलीने आपल्या मनातलं आधी होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. त्याने कौतुकाने त्याच्या आईला. आणि त्या विहीणबाईंनी फोनवर मोठ्या आईला: "तुमच्या जाऊबाईच कन्यादान करणार म्हणे, फार छान वाटलं ऐकून." मोठी आई "हो का" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्या रात्री आबा जेवले नाहीत.

पुढचे पाच महिने या घरात जे काही झालं त्याचं मूळ माझ्या मते या फोनमध्ये आहे. कन्यादान आईने करावं की नाही हा वाद नंतरचा. घरातली गोष्ट सांगलीकरांकडून कळावी, हे आबांना लागलं. आणखी एक गोष्ट इथेच नोंदवते. "व्याही मंडळी काय म्हणतील" हा मुद्दा या घरात महिनाभर चघळला गेला आणि व्याही मंडळींनी तर पहिल्याच दिवशी छान म्हणून टाकलं होतं.

मग मुलीने आगीत तेल ओतलं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे सगळं गावात बंद. त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. मुलीने त्याची जुनी बातमी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर आत्या, मावश्या, चुलत-मामे भावंडं धरून पन्नासेक माणसं. आबांनी ती पाहिली आणि गप्प बसले. भडकली ती आई. "विधवा म्हणून पन्नास जणांत उभी केलीस मला," ती लेकीला फोनवर म्हणाली. "बातमीखाली माझं नाव तेवढं लिहायचं राहिलं."

आबांचा धाकटा मुलगा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. त्याने मध्यस्थी म्हणून तिसरी वाट काढली: कन्यादान ठेवायचंच नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 मध्ये सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही. 2024 च्या मार्चमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही हिंदू विवाहासाठी कन्यादान आवश्यक नसल्याचं म्हटलं होतं. पोराचं सगळं बरोबर होतं. आबांनी ऐकून घेतलं आणि पुतणीकडे वळून विचारलं, "कोर्टाचं राहू दे. मी तुझा कोण लागतो ते सांग." ती रडायला लागली. मग दोघंही रडले. ठरलं काहीच नाही.

शास्त्राची बाजू

आबा माझ्याकडे आले ते शास्त्र घेऊन. विधवेने मंगलकार्यात संकल्प सोडलेला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. धर्मशास्त्र सांगणं हे माझं काम नाही, पण या एका बाबतीत उत्तर पोथीतच आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात मुलीचं दान कोणी करावं याचा क्रम दिलाय:

पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा ।
कन्याप्रदः पूर्वनाशे प्रकृतिस्थः परः परः ॥

बाप, आजोबा, भाऊ, कुळातला माणूस आणि आई. आधीचा हयात नसेल तर पुढचा. आई शेवटी आहे, पण आहे. क्रम लावायचा तर सकुल्य म्हणून आबांचा नंबर आईच्या आधी लागतो, हेही मी त्यांना सांगितलं. थोडक्यात, श्लोक दोघांच्याही बाजूने वापरता येतो. रूढीचं मात्र तसं नाही. बायको नसलेला बाप कमरेला सुपारी खोचून कार्याला बसतो, बायकोच्या जागी ती सुपारी. नवरा नसलेल्या आईसाठी अशी सुपारी कुणी काढलेली नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवून कितीतरी वर्षं झाली, आणि त्यांच्या पद्धतीने लागलेली लग्नं आबांच्या नात्यातही होती.

घरच्या गुरुजींनाही मी एकदा फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मला अडचण नाही. त्यांच्या घरात आहे का, ते आधी बघा."

आबांनी सगळं ऐकलं. "सुपारीचं कळलं मला," ते म्हणाले. "पण मी शब्द दिलाय तो भावाला." त्यानंतर शास्त्राचा विषय आमच्या बोलण्यात परत निघाला नाही. लोक शास्त्र पुढे करतात तेव्हा त्याच्या आड दुसरं काहीतरी उभं असतं असा माझा अनुभव आहे. ते पुढे यायला वाट मोकळी करावी लागते, एवढाच शास्त्र बोलण्याचा उपयोग.

आईचं म्हणणं

आईला भेटायला मला सप्टेंबर उजाडला. गौरी-गणपती, मग ऑफिसचं काम, अशी ती टाळत होती. आली तेव्हा पहिलं वाक्य, "मॅडम, मला नाही बसायचं. लिहून घ्या."

बायकांचा असा नकार मी लगेच लिहून घेत नाही, कारण भीतीने दिलेला नकार आणि मनापासून दिलेला नकार ऐकायला सारखेच वाटतात. तिच्या नकारात दोन्ही होतं. भीती अशी: "उद्या पोरीच्या संसारात काही कमी-जास्त झालं, साधी गाडी घसरली तरी बोट माझ्याकडे येणार. मीच दाखवीन आधी." आणि मनापासूनचं असं: "पंधरा वर्षं दादांनी माझ्या पोरीला सावली दिली. आता अक्षता पडायच्या वेळी त्यांच्या हातातलं काढून घेऊ?" थोरल्या दिराला ती दादा म्हणते आणि त्यांच्यासमोर अजून खुर्चीवर बसत नाही.

"मग तुम्हाला काय हवंय?" असं मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. पुढे आलेल्या दोन्ही गोष्टी तोवर घरात कुणाच्या तोंडून निघाल्या नव्हत्या. एक, पोरीला पहिली हळद तिला लावायची होती. दोन, दागिने तिच्या पैशांनी व्हावेत. पगारातून बाजूला टाकत तिने सहा लाखांची मुदत ठेव केली होती आणि ती मोडायचं नाव काढलं की आबा उठून जायचे. "माझ्या भावाच्या पोरीचं लग्न तिच्या आईच्या पगारावर लावलं, असं म्हणतील लोक." त्यांच्या लेखी हा आईला दिलेला मान होता. तिच्या लेखी पंधरा वर्षांच्या उपकारांत पडणारी आणखी एक भर. ती म्हणाली, "एकदा तरी मला फेडू द्या ना. कायम घेतच राहायचं?"

मुलीला मी हे सांगितलं, आईच्या परवानगीने. तिला ते पटलं नाही. हळद, दागिने या तिच्या दृष्टीने किरकोळ गोष्टी. आईला बोहल्यावर, सगळ्यांच्या समोर, मध्यभागी बसवायची हे तिने 2019 पासून मनाशी धरलेलं. आईवरच्या प्रेमापोटीच ते धरलेलं होतं, यात शंका नाही. पण ती आईला विचारायची राहिली होती.

एक तडजोड, जी बोलायलाच नको होती

ऑक्टोबरात मुलीने स्वतःच तोडगा काढला. कन्यादानात वराच्या ओंजळीवर वधूची ओंजळ, खाली काशाचं भांडं, वडील संकल्प सोडतात आणि आई झारीने पाण्याची धार धरते. मग संकल्प आबांनी सोडावा आणि धार आईने धरावी, दोघांचंही होईल. जेवताना ती हे बोलून गेली आणि पानावरचे हात थांबले. धार धरते ती बायको. म्हणजे दीर आणि भावजय नवरा-बायकोच्या पाटांवर. शहरात वाढलेल्या वाचकाला यात काय एवढं असं वाटेल. या घरात पंधरा वर्षं एक तरुण विधवा आणि तिचे दीर एका छताखाली राहिले, आणि या दोघांनी आपापल्या वागण्याने गावाला एक शब्द बोलायची संधी दिली नव्हती. आई पानावरून उठली. मोठी आई तिच्या मागोमाग आत गेली.

मुलीला पुढचे दोन दिवस आपलं काय चुकलं तेच कळेना. शेवटी मोठ्या आईनेच तिला बाजूला घेऊन सांगितलं. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मला दोघींनीही सांगितलं नाही. एवढं खरं की त्यानंतर मुलीचा आवाज खाली आला, आणि मोठी आई, जी आतापर्यंत कुणाच्याच बाजूने बोलली नव्हती, ती मैदानात उतरली.

कसं सुटत गेलं

पैशांची गाठ निवडणुकीने सोडवली, हे मी गमतीने सांगत नाही. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. सोनं घ्यायचं होतं कोल्हापूरच्या गुजरीत, आणि आबांचा व्यवहार आयुष्यभर रोखीचा. हायवेवर भरारी पथकं, 50,000 च्या वर रोकड असेल तर कागद दाखवा. तोळ्याचा भाव 75,000 च्या पुढे, म्हणजे एका पाटलीच्या पैशांतही प्रश्न. आबांनी दोन दिवस जीएसटी, निवडणूक आयोग आणि सराफ या सगळ्यांना नावं ठेवली. शेवटी आईने ठेव मोडली आणि तिच्या खात्यातून सराफाच्या खात्यात पैसे गेले. बिल तिच्या नावाचं. आबा सोबत होते, पाटल्यांचं वजन त्यांनीच दोनदा करायला लावलं. परतताना किणी नाक्यावर गाडी अडवली तेव्हा पर्समधून बिल काढून पोलिसाला दाखवलं ते आईने. हा प्रसंग तिने मला तीनदा तरी सांगितला असेल.

पत्रिकेवरून जुंपेल असं मला वाटलं होतं. ज्या मार्चमध्ये अलाहाबादचा निकाल आला त्याच महिन्यात, मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला होता. वकील पोरगा तो मुद्दा घेऊन तयार होता. गरजच पडली नाही. आबांनी मजकूर स्वतःच लिहून आणला. निमंत्रकांत पहिलं नाव भावजयीचं, खाली स्वतःचं आणि मोठ्या आईचं. विचारलं तर म्हणाले, "निमंत्रण तिचंच. मी राबणारा माणूस."

हळदीचं मोठ्या आईने तडीस नेलं. पाच सुवासिनींनी आधी हळद लावायची ही रीत. आत्याबाईंनी कुजबुज केली, आजींनीही. आजी ब्याऐंशीच्या, स्वतः तीस वर्षं विधवा. "मी कधी पुढे झाले नाही," त्या म्हणाल्या, "हिला काय घाई?" मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जड गेलेलं वाक्य ते. मोठ्या आईने त्यांना उत्तर दिलंच नाही. हळदीच्या सकाळी वाटी थेट जावेच्या हातात दिली आणि बायकांना म्हणाली, "गाणी म्हणा गं, गप्प काय बसलात." आईने पोरीच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, गालाला हळद लावली. हात थरथरत होता त्यामुळे निम्मी पाटावर सांडली. मग सुवासिनी पुढे आल्या. आजी दाराशी खुर्चीवर बसून होत्या. त्या उठून गेल्या नाहीत, एवढी नोंद मी करून ठेवली आहे.

निवडणुकीच्या ड्युटीवरून 20 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर घरी आलेली आई दुसऱ्या दिवशी सकाळी रुखवताच्या करंज्यांचं सारण भाजत होती. मध्येच सांगायचं राहून जाईल म्हणून सांगितलं.

डिसेंबरात लग्न लागलं. कन्यादान आबांनी आणि मोठ्या आईनेच केलं. संकल्पात वधूच्या पणजोबांचं, आजोबांचं, वडिलांचं नाव येतं, आईचं येत नाही. गुरुजींनी ते घेतलं, तिन्ही वेळा. आबांनी आधी जाऊन सांगून ठेवलं होतं, घरात कुणालाही न कळवता. आई बोहल्याच्या डाव्या बाजूला, भावाच्या शेजारी उभी होती. कोठीची किल्ली त्या दिवशी धाकट्या पुतण्याकडे होती आणि त्याने पानसुपारीचा पुरता घोळ घातला.

माझं मत

मुलगी या निकालावर खूश नाही. लग्नानंतर भेटली तेव्हा स्पष्ट बोलली: "सगळ्यांनी मिळून तिला मागेच ठेवलं, फक्त जरा सजवून." मला हे पूर्ण खोडता येत नाही. रूढीची भिंत जिथे होती तिथेच आहे आणि पुढच्या एखाद्या लग्नात दुसऱ्या एखाद्या विधवेच्या हातातून ताम्हन काढून घेतलं जाईल. पण माझ्यापुढे बसलेल्या बाईला जे हवं होतं ते तिला मिळालं का, एवढंच मला बघायचं होतं. ते बहुतेक मिळालं. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांच्या वतीने मागणी ठरवून टाकायची, ही चूक मला शिकलेल्या, हुशार, प्रेमळ मुलींमध्ये वारंवार दिसते. जुन्या पिढीतही ती आहेच: ठेव मोडू न देणारे आबा तेच करत होते.

आबांवर या सगळ्यात अन्याय झाला असं काही नातेवाइकांना वाटतं. मला नाही वाटत. पण त्यांच्यापाशी आधी जाऊन, समोर बसून बोललं गेलं असतं तर निम्मं प्रकरण उभंच राहिलं नसतं. मुलगी म्हणते, आबांशी बोलायची हिंमत झाली नसती. तेही खरं.

पुढची हकीकत

2025 च्या पावसाळ्यात आईचा फोन आला, सहज म्हणून. घरी सत्यनारायण झाला, त्यात सगळ्यांबरोबर तिनेही आरतीचं ताट धरलं, कुणी काही म्हणालं नाही, तिने स्वतःही विचार केला नाही. मुलीची आणि आबांची रोज रात्री फोनवर अर्धा तास बडबड असते, बहुतेक गाडीच्या मायलेजवर.

मागच्या महिन्यात मोठ्या आईने वेळ मागितली, या वेळी तिच्याच घरच्या प्रश्नासाठी. धाकटा, तो वकील झालेला, त्याला 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचंय. ना मुहूर्त, ना हळद, ना बोहलं. तीन साक्षीदार आणि सह्या. तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागलीसुद्धा, आणि आबांना ती दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळली.

"त्याला म्हटलं, साक्षीदार कोण घेतलेस?" मोठी आई सांगत होती. "तर म्हणतो, एक ताई, एक मित्र आणि तिसरी धाकटी आई. जाऊबाई तर आधीच हो म्हणून बसल्यात. आता तुम्हीच सांगा मॅडम, यांना जेवायला कसं बसवू?"